परवडत नाही, पण कोणाला?

निवडणूक कुठल्याही देशातली असो, अर्थव्यवस्थेवरच्या वादात एक टप्पा हमखास येतो. कोणी किमान वेतन वाढवा म्हणतं, कोणी पगारी बाळंतपणाची रजा मागतं, कोणी कामाचे तास कमी करा म्हणतं. समोरून उत्तर येतं : मागणी माणुसकीची आहे, मान्य; पण अर्थव्यवस्थेला हे परवडणार नाही. आधी देश श्रीमंत होऊ द्या, वाटपाचं मग बघू. हे उत्तर इतकं समंजस वाटतं की मागणारालाच आपण काहीतरी पोरकट बोललो असं वाटू लागतं.

माझं म्हणणं साधं आहे. हे उत्तर गेली दोनशे वर्षं पुन्हापुन्हा दिलं गेलंय, आणि दर वेळी पुढे काय झालं ते आपल्यासमोर आहे. हिशेब बहुतेक वेळा चुकलेला दिसतो. शिवाय चूक नेहमी एकाच बाजूला झुकलेली : नुकसानीचा आकडा फुगवलेला आणि माणसाच्या झिजेचा आकडा मांडलेलाच नाही. म्हणून यापुढे ‘परवडत नाही’ हे उत्तर अंतिम सत्य मानून गप्प बसायचं कारण नाही. तो एक दावा आहे, आणि दावा करणाऱ्यानं आधी वह्या उघडून दाखवल्या पाहिजेत.

1842 साली ब्रिटनमध्ये खाणीतल्या बालमजुरीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. त्यात यॉर्कशायरमधल्या एका कोळशाच्या खाणीतल्या आठ वर्षांच्या मुलीची जबानी आहे. तिचं काम होतं जमिनीखाली हवा खेळती ठेवणाऱ्या दरवाज्यापाशी बसून राहायचं आणि कोळशाची गाडी आली की दार उघडायचं. पहाटे चारला, कधी साडेतीनला ती खाली उतरायची आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला वर यायची. तिला दिवा मिळत नसे. ती सांगते की मला भीती वाटते. उजेड असला तर मी कधीकधी गाणं म्हणते, पण अंधारात नाही, अंधारात गायची हिंमत होत नाही. हा अहवाल छापला गेला तेव्हा लोक हादरले. पण हादरलेल्यांच्या बरोबरीनं हिशेब मांडणारेही उभे राहिले. उमरावांच्या सभागृहात लॉर्ड लंडनडेरी, जे स्वतः मोठे खाणमालक होते, या सुधारणेच्या विरोधात हिरिरीनं बोलले. तरी कायदा झाला. बायकांना, मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली कामाला नेणं बंद झालं. ब्रिटनचा कोळसा काही संपला नाही. पुढे सत्तर वर्षं उत्पादन वाढतच गेलं आणि 1913 मध्ये ते 28 कोटी 70 लाख टनांवर पोचलं. ज्या पोरांवाचून उद्योगाचं अडणार होतं, त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

त्याच्या पाचच वर्षं आधी, 1837 मध्ये, ऑक्सफर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवलेल्या नासॉ सीनियर यांनी कापडगिरण्यांचा एक हिशेब मांडला होता. तो जरा बारकाईनं बघण्यासारखा आहे, कारण आजचे कित्येक हिशेब त्याच साच्यातले असतात. साडेअकरा तासांचा दिवस म्हणजे तेवीस अर्धे तास. सीनियर म्हणाले, त्यातले पहिले वीस गुंतवलेलं भांडवल भरून काढण्यात जातात, एक यंत्रांची आणि इमारतीची झीज भरून काढण्यात जातो, आणि मालकाचा निव्वळ नफा येतो तो शेवटच्या दोन अर्ध्या तासांतून. सबब दिवसातला एक तास कमी केला की सगळा नफा गेला, आणि नफा गेला की गिरणी बंद. ऐकायला चोख. पण दिवस एका तासानं लहान झाला तर कापूसही तेवढाच कमी लागेल, यंत्रंही तेवढी कमी झिजतील, हे या गणितात कुठेच नव्हतं. दमलेल्या माणसाचा अकरावा तास आणि ताज्या माणसाचा पहिला तास यांत निघणारं काम सारखंच, हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. 1847 मध्ये बायका आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दहा तासांचा कायदा मंजूर झाला. गिरण्या त्यांच्याच कामावर चालत असल्यानं पुरुषांचा दिवसही हळूहळू त्याच मापाचा झाला. लँकेशायरचं कापड त्यानंतरही कित्येक दशकं जगभर विकलं जात होतं.

आणि याच लँकेशायरचे गिरणीमालक पुढे मुंबईतल्या गिरण्यांना कामगार कायदा लावा म्हणून सरकारकडे हट्ट धरून बसले! त्यांना मुंबईच्या कामगाराची कणव आली नव्हती, स्वस्त स्पर्धा नको होती. मुंबईचे मालक म्हणाले, हा आमचा उद्योग बुडवायचा डाव आहे. एकमेकांच्या हेतूंबद्दल दोघंही बरोबरच बोलत होते. 1881 चा कायदा झाला त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांचे तास नऊवर आणले गेले, प्रौढांना काहीच मिळालं नाही. या सगळ्या भांडणात गिरणीत उभं राहणाऱ्या माणसाला काय परवडतं हे विचारायला कोणी गेलंच नव्हतं. ते काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये केलं. त्यांनी हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं : आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. यातली आठवड्याची सुट्टी मालकांनी 1890 च्या जूनमध्ये मान्य केली. गिरण्या बुडाल्या नाहीत. त्यांचा सुवर्णकाळ अजून यायचा होता.

कोणी म्हणेल, ही निवडून काढलेली उदाहरणं आहेत. आहेतच. पण मग असं एक उदाहरण घेऊ जिथे खर्च खरोखर प्रचंड होता आणि तरी तो परवडला. ब्रिटिश संसदेनं 1833 मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा 2 कोटी पौंड भरपाई मंजूर केली. त्या काळच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण 40 टक्के एवढी ती रक्कम होती. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते 2015 मध्ये फिटले, म्हणजे ब्रिटनमधल्या आज हयात असलेल्या करदात्यांनीही ते भरलेत. ही भरपाई मिळाली गुलामांच्या मालकांना. ज्यांच्या पाठी सोलल्या गेल्या त्यांना एक पेनीही मिळाली नाही, उलट 1838 पर्यंत ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामगार असल्याच्या, नावाखाली बहुतेकांकडून फुकट काम करून घेतलं गेलं. तिजोरीला काय झेपतं याचा निर्णय तिजोरीत किती आहे यावर जेवढा होतो, त्याहून जास्त दारात कोण उभं आहे यावर होतो. मला या सगळ्या इतिहासात याहून संताप आणणारं काही सापडलेलं नाही.

हिशेब चुकतात कुठे? बाकी सगळं जागच्या जागी राहील आणि फक्त मजुरीचा आकडा वाढेल, असं धरून ते मांडलेले असतात. प्रत्यक्षात मजुरी वाढली की मालक कामाची रचना बदलतो, नवी यंत्रं आणतो, अपघात कमी करतो, माणसं टिकवतो. हेन्री फोर्डच्या डेट्रॉइटजवळच्या मोटार कारखान्यात 1913 साली इतके कामगार सोडून जात होते की साधारण 14 हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात 50 हजारांहून जास्त माणसं घ्यावी लागली. 1914 च्या जानेवारीत त्यानं दिवसाला 5 डॉलरचा दर जाहीर केला, म्हणजे आधीच्या दुपटीच्या आसपास. माणसं टिकू लागली, आणि कारखान्याची भरभराट झाली. फोर्डला देवमाणूस ठरवायची गरज नाही. तो दर मिळवायला कामगाराला कंपनीच्या तपासनिसाला घरात घ्यावं लागे, दारू पितो का, पैसे साठवतो का याची झडती द्यावी लागे, आणि पुढे याच फोर्डनं युनियन मोडायला गुंड पोसले. पण चांगली मजुरी ही निव्वळ खर्चाची बाब नसते, एवढं त्याच्या हिशेबवह्यांनी दाखवून दिलं.

किमान वेतनाबद्दल तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं एकच आकृती असायची : दर वाढवला की कामगारांना असलेली मागणी घटते, म्हणून नोकऱ्या जातात. 1992 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलरवर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चारशेवर फास्टफूड रेस्टॉरंटांत वाढीच्या आधी आणि नंतर किती माणसं कामावर आहेत याची चौकशी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. या निष्कर्षावर वाद झाला, दुसऱ्या अभ्यासकांनी पगारपत्रकं वापरून वेगळं उत्तर काढलं, आणि हा वाद अजूनही मिटलेला नाही. पण त्या अभ्यासानं एक खिडकी उघडली ती बंद झाली नाही. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा होता. मालकासमोर उभा असलेला माणूस बाजारात भाजी निवडणाऱ्या गिऱ्हाइकासारखा मोकळा नसतो. त्याच्या डोक्यावर घरभाडं असतं, मुलांची शाळा असते, दुसरं काम शोधायला लागणारे आठ दिवसही त्याच्याजवळ नसतात. म्हणून मालक त्याला त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी देऊ शकतो. जिथे अशी परिस्थिती असते तिथे कायद्यानं ठरवलेला दर नोकरी न घालवताही पगार वाढवू शकतो. किती वाढवला तर हे टिकेल, हा प्रश्न उरतोच, आणि तो खरा प्रश्न आहे.

आता देशाच्या ज्या श्रीमंतीसाठी हे सगळं थांबवून धरायचं, ती मोजतात कशी तेही पाहायला हवं. अमेरिकेत महामंदीच्या काळात सायमन कुझनेट्स यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब उभा केला आणि 1934 मध्ये तो तिथल्या सिनेटपुढे ठेवला. त्याच अहवालात त्यांनी बजावून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. आकडा जगभर गेला, ताकीद फायलीत राहिली. घरात केलेलं काम या आकड्यात धरलं जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात दररोज 1,640 कोटी तास बिनमोबदल्याच्या काळजीच्या कामात जातात : मुलांना सांभाळणं, आजाऱ्याची शुश्रूषा, रांधणं, धुणं, पाणी भरणं. दोन अब्ज माणसांनी रोज आठ तास फुकट राबावं, तेवढं हे काम. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात.

हे काम थांबलं तर काय होतं, हे आइसलँडनं 24 ऑक्टोबर 1975 रोजी पाहिलं. त्या दिवशी देशातल्या जवळपास 90 टक्के बायकांनी घरचं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं. शाळा, बँका, दुकानं, मासळीचे कारखाने अडले; टेलिफोनच्या जोडण्या रखडल्या. पुरुष मुलांना घेऊन कचेरीत गेले आणि त्यांना गुंतवून ठेवायला कागद आणि रंग शोधत बसले. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या निवेदकाच्या मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला, आणि पाच वर्षांनी व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या एका दिवशी देशाला कळलं की ज्याला आपण अर्थव्यवस्था म्हणतो ती कशावर उभी आहे. बाळंतपणाची रजा किंवा पाळणाघर ‘परवडत नाही’ असं सांगितलं जातं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की तो खर्च आज कोणीतरी गुपचूप सोसत आहे आणि तो वहीत लिहिलेला नाही.

वाढ आधी आणि वाटप नंतर, हा क्रमही पुराव्याला धरून नाही. 2022 च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे जगातल्या वरच्या 10 टक्के लोकांकडे एकूण संपत्तीच्या 76 टक्के आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे 2 टक्के. दोन शतकांच्या वाढीनंतरचं हे वाटप आहे. ‘नंतर’ म्हणजे नेमकं कधी? आणि ज्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं कित्येक देशांना खर्चकपातीचे धडे दिले, त्याच्याच संशोधकांनी 2014 मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून लिहिलं की विषमता कमी असलेल्या देशांत वाढ अधिक वेगवान आणि टिकाऊ दिसते, आणि पुनर्वाटपामुळे वाढ खुंटते असं सहसा दिसत नाही. गरीब घरातली हुशार मुलगी शाळा सोडून कामाला जुंपली जाते तेव्हा देश तिचं चाळीस वर्षांचं कर्तृत्व गमावतो, पण त्या तोट्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात होत नाही.

असं असलं तरी प्रत्येक मागणी कुठल्याही वेळी, कशीही लागू करा, असं मी म्हणत नाही. 1936 मध्ये फ्रान्समध्ये लेओं ब्लूम यांचं डाव्या आघाडीचं सरकार आलं. देशभर कारखान्यांत संप चालू होते. काही आठवड्यांत मजुरी सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास वाढली, दोन आठवड्यांची पगारी रजा आली, आणि आठवडा 48 तासांवरून 40 तासांवर आणायचा कायदा झाला. रजेवर निघालेल्या कामगारांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पण 40 तासांचा नियम उद्योगाउद्योगातला फरक न बघता ताठर पद्धतीनं लावला गेला. कुशल कामगारांची आधीच टंचाई होती, तिथे उत्पादन अडलं; भाव वाढले, मिळालेली वाढ महागाईनं बरीचशी खाल्ली, सप्टेंबरात फ्रँकचं अवमूल्यन करावं लागलं. 1938 च्या शेवटी नंतरच्या एका सरकारनं तो नियम सैल केला. पगारी रजा मात्र टिकली, नंतर वाढत गेली. मला यातून दिसतं ते असं : मागणी न्याय्य असणं पुरेसं नाही, ती कुठल्या टप्प्यांनी आणि कुठल्या धंद्यांत कशी लावायची हे ठरवायला मेहनत लागते. दोन माणसं कामाला ठेवून धंदा करणारा आणि दहा हजार माणसांची कंपनी यांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं आहे. आणि कायदा फक्त कायम नोकरीतल्यांपुरता राहिला तर बाहेर राहिलेल्यांची अवस्था आणखी वाईट होते. डाव्या बाजूचे लोक या गोष्टी बोलायचं टाळतात, त्यानं त्यांचंच नुकसान होतं.

आज हा वाद ॲपवर चालणाऱ्या कामापाशी येऊन ठेपलाय. गाडी चालवणारा, घरपोच माल देणारा हा कामगार की स्वतंत्र व्यावसायिक? 2021 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या चालकांच्या बाजूनं निकाल दिला. भाडं, अटी, शिक्षा हे सगळं कंपनी ठरवत असेल तर चालक स्वतंत्र कसला, असा न्यायालयाचा रोख होता. आणि ॲप चालू करून भाड्याची वाट बघत थांबलेला वेळही कामाचाच वेळ धरला गेला. त्याच्या तीनच महिने आधी कॅलिफोर्नियात उलटं घडलं होतं. तिथल्या कायद्यानुसार चालकांना कर्मचाऱ्याचे हक्क मिळायला हवे होते. कंपन्यांनी 20 कोटी डॉलरहून जास्त रक्कम प्रचारावर ओतली आणि सार्वमतात 58 टक्क्यांहून अधिक मतं मिळवून त्या हक्कांतून स्वतःची सुटका करून घेतली. प्रचारातला मुख्य मुद्दा ओळखीचाच होता : हे हक्क दिले तर भाडी वाढतील आणि कामं जातील. हक्क परवडत नव्हते, ते न देण्यासाठी 20 कोटी परवडले.

यावर एक उपाय मला पटतो, कारण तो करून झालेला आहे. ब्रिटनमध्ये किमान वेतनाला विरोध करणारे नव्वदच्या दशकात लाखो नोकऱ्या जातील म्हणून सांगत होते. 1997 मध्ये आलेल्या सरकारनं एक छोटा आयोग नेमला. नऊ जण : तीन मालकांच्या बाजूचे, तीन कामगारांच्या, तीन तटस्थ अभ्यासक. त्यांनी दर किती ठेवावा हे ठरवताना कारखान्यांत, हॉटेलांत, वृद्धाश्रमांत जाऊन माहिती घेतली, आणि 1999 च्या एप्रिलमध्ये तासाला 3.60 पौंडांपासून सुरुवात झाली. तरुणांना वेगळा दर होता. नंतर दर वर्षी आकडे तपासले गेले आणि दर पुढे सरकवला गेला. भाकीत केलेली नोकऱ्यांची कत्तल झाली नाही. ज्या हुजूर पक्षानं कायद्याला कडाडून विरोध केला होता, त्याच पक्षाच्या सरकारनं 2016 मध्ये पंचविशीवरच्यांसाठी दर एकदम वर नेला.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता टेबलाशी बसून काम करणाऱ्यांनाही तेच सांगितलं जाणार आहे की कामं जातील, तेव्हा मिळेल ते घ्या. त्या वादात ‘अर्थव्यवस्था’ या नावानं बोलणारे पुष्कळ असतील. प्रत्येक देशानं अशा प्रश्नांसाठी कायमचा आयोग ठेवावा, कंपन्यांचे नफ्यातोट्याचे आकडे त्याच्यापुढे यावेत, बदलानंतर दर वर्षी काय झालं याची जाहीर तपासणी व्हावी आणि तिच्यावरून दर, तास, अटी पुढेमागे कराव्यात. ब्रिटनच्या आयोगात तीन बाजू होत्या. त्यात ॲपवर राबणाऱ्यांची आणि घरी फुकट राबणाऱ्यांची अशा आणखी दोन खुर्च्या लागतील, आणि त्या ऐच्छिक नसाव्यात, कायद्यानं दिलेल्या असाव्यात.